नानांची दोन मराठी : आत्मवृत्त आणि दप्तर

१

अठराव्या शतकातील मराठी राजकारणी पुरुषांनी कागद पुष्कळ लिहिले, परंतु स्वतःविषयी फारसे लिहिले नाही. या सामान्य विधानाला पेशव्यांचे फडणीस बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस (१७४२–१८००), हा एक लक्षणीय अपवाद आहे. आपल्या बालपणापासून पानिपतच्या संहारापर्यंतचा आणि त्यानंतरच्या थोड्या काळाचा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेवला. लहानसेच हे लिखाण 'आत्मवृत्त' या नावाने मराठी वाचकांस परिचित आहे. साताऱ्याचे रेसिडेंट राहिलेले लेफ्टनंट कर्नल जॉन ब्रिग्ज यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले व ते १८२९ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. मराठी माणसाने गद्यात लिहिलेले आत्मचरित्र युरोपीय विद्वानांपुढे आले ते इतक्या लवकर.

याच पुरुषाच्या हाताखालून गेलेल्या कागदांचा दुसरा एक साठा आहे, तो म्हणजे मेणवलीचे दप्तर. द. ब. पारसनीस यांच्या संग्रहामार्फत त्यातील मोठा भाग अभ्यासकांपर्यंत आला. पत्रे, याद्या, हिशेब, बातम्या, तहांचे मसुदे असा त्याचा विस्तार आहे. आत्मवृत्त थोड्या पृष्ठांचे, तर दप्तर रुमालांचे.

नानांचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्यापुढे ही दोन साधने येतात आणि तो बहुधा एक साधी वाटणी करतो. आत्मवृत्त हे अंतरंगाचे साधन, दप्तर हे बहिरंगाचे. माणूस आत्मवृत्तात आणि मुत्सद्दी दप्तरात. १८९२ साली वासुदेवशास्त्री खरे यांनी लिहिलेल्या चरित्रापासून आजच्या वृत्तपत्री लेखांपर्यंत ही वाटणी कमीअधिक प्रमाणात गृहीत धरलेली आढळते. प्रस्तुत लेखाचा हेतू या गृहीताची भाषिक अंगाने तपासणी करण्याचा आहे. ही दोन साधने म्हणजे एकाच माणसाचे आत आणि बाहेर नसून मराठीच्या दोन भिन्न प्रयोगरीती आहेत, दोन्ही सारख्याच संकेतबद्ध आहेत, आणि हे न ओळखल्यामुळे नानांच्या चारित्र्याविषयीचे आपले निर्णय चुकत आले आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम आत्मवृत्ताकडे वळू. त्याचा आरंभ जन्मतिथीने अथवा कुलकथेने होत नाही. देह, आत्मा आणि ईश्वर यांच्या विचाराने होतो. मग बालपण येते. मूर्ती मांडून पूजा करण्याची लहानपणची आवड निवेदक सांगतो. वयात येताना मनात उठलेले कामविकार तो लपवीत नाही, आणि आपल्या अधोगतीबद्दल स्वतःस दोष देतो. पेशव्यांबरोबर केलेल्या श्रीरंगपट्टणच्या स्वारीचा उल्लेख येतो. त्यानंतर सदाशिवरावभाऊंबरोबर उत्तरेस जाणे होते. आई आणि पत्नी बरोबर आहेत, आणि मनात ओढ आहे ती गंगास्नानाची. मग १४ जानेवारी १७६१ चा दिवस, पळ, वेषांतर, उपासमार, आईचा वियोग, पत्नीची पुन्हा भेट. पानिपतानंतर थोडे पुढे जाऊन लिखाण थांबते.

यात जे नाही तेही पाहिले पाहिजे. फडणिशीच्या कामाचे वर्णन येथे जवळजवळ नाही. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेले आणि १७१९ मध्ये तेथेच मारले गेले. घराण्याच्या पदाचा पाया या बलिदानावर उभा होता, तरी आत्मवृत्ताची मांडणी या घराणेशाहीवर होत नाही. जमीन, इनाम, वाडा यांचा विचार तर नाहीच. नारायणरावांचा खून (३० ऑगस्ट १७७३), बारभाईंचे कारस्थान, पुरंदरचा तह (१ मार्च १७७६), वडगाव, सालबाई, खर्डा या सर्व गोष्टी आत्मवृत्ताच्या काळाच्या बाहेर पडतात. म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण नानांचे नाव घेतो त्या त्यांच्या स्वलिखित आयुष्यात नाहीत.

चरित्रकारांनी या विसंगतीवर काढलेला तोडगा असा की, आत्मवृत्त ही स्वभावाची किल्ली मानावयाची आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांचे कुलूप तिने उघडावयाचे. तारुण्यातील विकारांची कबुली आहे, तेव्हा नाना विषयलंपट. रणांगणातून जीव वाचविल्याचे वर्णन आहे, तेव्हा नाना भित्रे. ईश्वरभक्तीची भाषा आहे, तेव्हा एक तर नाना खरे भाविक किंवा दांभिक. निष्कर्ष परस्परविरोधी निघाले तरी रीत एकच राहिली. वाक्यात जे दिसते ते सरळ मनात होते, असे समजण्याची ही रीत आहे.

३

स्वतःच्या पापाची कबुली मराठीत नानांनी प्रथम दिली असे नाही. भक्तिपरंपरेत आत्मनिवेदनाला निश्चित स्थान आहे. सतराव्या शतकातील बहिणाबाईंनी आपले जीवन अभंगांतून सांगितले, आणि तुकारामांच्या अभंगांत स्वतःच्या दोषांचा पाढा वाचण्याची रीत आढळते. या परंपरेत अनुताप ही साधनेची पहिली पायरी मानली जाते. स्वतःस पतित म्हणविल्यावाचून ईश्वराच्या दयेस पात्र होता येत नाही. म्हणून तेथील दोषांची यादी ही व्यक्तीची खाजगी माहिती नसते, निदान केवळ तशी नसते. ती भक्ताच्या भूमिकेत शिरण्याची रीत असते. आत्मवृत्ताचा आरंभ देह आणि आत्मा यांच्या विचाराने होतो, याचा अर्थ लिहिणाऱ्याने ही भूमिका पहिल्याच पावलाला घेतली आहे.

येथे व्याकरणाची एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते. मनोविकार सांगताना मराठी वाक्य माणसाला कर्ता करीत नाही. 'मला भीती वाटली', 'मनात वासना उत्पन्न झाली', 'दुर्बुद्धी झाली', 'अनुताप झाला' या वाक्यांत क्रियापदाचा अन्वय भीती, वासना, बुद्धी, अनुताप यांच्याशी आहे. माणूस चतुर्थीत किंवा सप्तमीत, म्हणजे त्या विकाराचे ठिकाण म्हणून उभा आहे. विकार येतात, राहतात, जातात; माणूस त्यांचे पात्र आहे. वेदान्ताच्या अंगाने विचार करणाऱ्याला ही रचना आयतीच सोयीची, कारण आत्मा साक्षी आणि विकार देहाचे हा सिद्धान्त जणू वाक्यरचनेतच बसलेला असतो.

हेच इंग्रजीत न्यावयाचे तर भाषांतरकाराला बहुतेक ठिकाणी 'मी' हा कर्ता करावा लागतो. वासना उत्पन्न झाली याचे मी वासना धरली असे होते, दुर्बुद्धी झाली याचे मी दुष्ट विचार केला असे होते. हा ब्रिग्ज यांचा दोष नव्हे. त्यांची भाषा दुसरे काही सहजासहजी करू देत नाही. परंतु परिणाम मोठा झाला. रूसोचा आत्मकथनपर ग्रंथ १७८२ मध्ये बाहेर पडू लागला होता आणि युरोपीय वाचकाला स्वतःच्या गुप्त दोषांचा कर्ता म्हणून पुढे येणारा 'मी' परिचित झाला होता. त्या वाचकाने नानांचे लिखाण त्याच पंक्तीत बसविले. पुढे इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढ्यांनीही आत्मवृत्त मराठीत वाचताना मनात त्या 'मी'चीच मूर्ती ठेवली. मराठी वाक्याने विकाराचे पात्र म्हणून सांगितलेला माणूस आपण विकाराचा कर्ता म्हणून वाचू लागलो.

यावर एक आक्षेप संभवतो. आत्मवृत्त सर्वस्वी संकेतबद्ध असेल तर पानिपतचे वर्णन इतके जिवंत का वाटते? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही भाषेतच सापडते. पळाच्या कथनात निवेदन विकारांचे राहत नाही, हालचालींचे होते. चालणे, लपणे, थकणे, मागणे, झाडपाला खाणे अशा क्रियांची ती मालिका आहे. 'मी चाललो', 'मी पळालो' अशा अकर्मक क्रियापदाचा अन्वय मराठीत थेट कर्त्याच्या पुरुषाशी होतो. येथे माणूस पात्र नसतो, चालणारा असतो. अंगावरची वस्त्रे टाकून अनोळखी मुलखात पायी निघालेल्या या तरुणाजवळ ना फडणिशीचा अधिकार आहे, ना गंगास्नानाचे निमित्त. त्या थोड्या पृष्ठांत भक्तीचा संकेत सैल होतो आणि दप्तराचा संकेत तर लागूच होत नाही. आत्मवृत्तात व्यक्ती म्हणून नाना कोठे भेटत असतील तर ते या पायपिटीत भेटतात. ज्या कबुलीवर चरित्रकारांनी भर दिला त्या कबुलीत ते त्या मानाने कमीच भेटतात.

४

आता दप्तराची मराठी. 'फडणीस' हा शब्दच तिचा नमुना आहे. 'फर्द' म्हणजे नोंदीचा अथवा यादीचा कागद आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा, अशी त्याची फारसी व्युत्पत्ती सांगतात. कीर्द, जमाबंदी, तैनात, वसूल, तगादा, रोजमुरा, सरंजाम, मोकासा, इनाम, जप्ती ही या भाषेची रोजची नाणी.

मराठीतील फारसी शब्दांविषयी वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्दांची गणना केली होती. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा सुमारे १४, १६७७ मध्ये सुमारे ६३, आणि १७२८ मध्ये सुमारे ९४, असा तिचा निष्कर्ष. शिवकालात रघुनाथ पंडितांनी केलेल्या राजव्यवहारकोशाच्या प्रयत्नाशी जोडून ही गणना नेहमी उद्धृत केली जाते आणि स्वराज्याबरोबर मराठी शुद्ध होत गेली असे अनुमान काढले जाते. राजवाड्यांच्या परिश्रमांविषयी पूर्ण आदर राखूनही असे म्हणावयास हवे की, तीन सालांतील पत्रांवरून शतकाचा आलेख काढता येत नाही. पत्र कोणी कोणास व कशासाठी लिहिले यावर शब्दांचे प्रमाण फार अवलंबून असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जमाखर्चाचा कागद उघडला तर फारसी-अरबी शब्द पुन्हा भरपूर आढळतात, आणि त्याच काळात त्याच वर्गातील माणसाने लिहिलेले आत्मचिंतन संस्कृत शब्दांनी भरलेले असते. नानांची दोन साधने याचा सुंदर पुरावा आहेत. एकाच लेखकाच्या आयुष्यात या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. हा फरक काळाचा नाही, प्रसंगाचा आहे.

शब्दसंग्रहाहून महत्त्वाची वाक्यरचना. दप्तरी मराठीत आज्ञा बहुधा धातुसाधित नामाने दिली जाते. 'येणे', 'करणे', 'पाठविणे', 'ताकीद करणे' अशी ती रूपे. कोणी करावयाचे ते वाक्यात येत नाही, कोणी सांगितले तेही नाही. 'आज्ञा जाली' म्हटले की आज्ञा करणारा दिसेनासा होतो. 'विज्ञापना' आणि 'विनंती' यांच्या चौकटीत लिहिणारा 'सेवक' होतो, आणि बरोबरीच्याशी लिहिताना 'आम्ही' होतो. या 'आम्ही'त स्वतः किती, सरकार किती आणि फड किती हे वेगळे काढता येत नाही, आणि ते काढता येऊ नये हाच त्याचा उपयोग.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होता हे पाहण्यास पुण्याच्या अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. चाकणहून पश्चिमेस सुमारे २० किलोमीटरवर तळेगाव आणि त्यापलीकडे वडगाव. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन घाट चढून आली. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट, लोकांच्या तोंडचा 'इष्टुर फाकडा', मारला गेला. फौज ९ तारखेस तळेगावला पोहोचली तेव्हा गाव उद्ध्वस्त केलेले होते आणि अन्नवैरण मिळेनाशी झाली होती. चिंचवड आणि प्रसंगी पुणेही जाळण्याची मराठ्यांची तयारी होती. ११ तारखेच्या रात्री इंग्रज मागे फिरले, वडगावात कोंडले गेले आणि त्यांना तह करावा लागला. महादजी शिंदे यांचे रणातील नेतृत्व आणि नानांची बातम्यांची व रसदीची व्यवस्था यांचे हे संयुक्त यश होय.

इतिहासाने या विजयाचे श्रेय योग्य तेथे दिले आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न पडतो. स्वतःचेच गाव जाळण्याचा निर्णय कोणत्या वाक्यात मावतो? दप्तरी मराठीत तो सहज मावतो. 'मुलूख उजाड करणे', एवढे वाक्य पुरे. त्यात जाळणारा नाही, ज्याचे घर जळले तोही नाही. ही भाषा खोटी नव्हे. राज्यकारभाराला अशीच भाषा लागते, आणि ती लागणारे नाना एकटेच नव्हते. परंतु अशा भाषेत लिहिलेल्या कागदांवरून नानांना निर्दय अथवा थंड रक्ताचे ठरविणे हे त्यांना आत्मवृत्तावरून विषयलंपट ठरविण्याइतकेच अशास्त्रीय आहे. एका ठिकाणी आपण अनुतापाच्या संकेताला स्वभाव समजतो, दुसऱ्या ठिकाणी कारभाराच्या संकेताला.

५

या दोन मराठींचा दुवा कोठे आहे? प्रस्तुत लेखकाच्या मते तो जमिनीत आहे, आणि आजवरच्या चरित्रांत सर्वांत दुबळे प्रकरण तेच आहे.

इंग्लंडशी तुलना केली असता मुद्दा स्पष्ट होईल. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजकारणात शिरावयाचे तर बहुधा आधी जमीन लागे. राणी ॲनच्या काळातील कायद्याने कॉमन्स सभेत परगण्याच्या प्रतिनिधीला वार्षिक ६०० पौंडांच्या आणि नगराच्या प्रतिनिधीला ३०० पौंडांच्या स्थावर उत्पन्नाची अट घातली होती. ती नाना युक्त्यांनी टाळली जाई हे खरे. पण दंडक तो होता. म्हणून लुईस नेमिअर यांनी त्या काळातील पार्लमेंटचा अभ्यास करताना भाषणांपेक्षा प्रत्येक सभासदाची जमीन, नातीगोती आणि पदे यांची चौकशी केली. त्यांचा १९२९ चा ग्रंथ आणि जॉन ब्रुक यांच्यासह संपादित केलेले १९६४ चे तीन खंड या पद्धतीचे आदर्श मानले जातात. तेथील जमीनदार राजकारणी सभेत बोलतो त्याआधी त्याची जमीन बोललेली असते.

पुण्यात क्रम उलट होता. भानूंचे घराणे कोकणातील वेळासचे. देशावर त्यांना वाडवडिलांच्या जमिनीचे बळ नव्हते. त्यांना वर आणले ते लेखणीने, आणि जमीन त्या लेखणीमागून आली. वाईजवळचे मेणवली हे गाव औंधचे प्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांजकडून १७६८ मध्ये नानांस मिळाले. तेथे कृष्णाकाठी त्यांनी वाडा, घाट आणि देवळे बांधविली. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील भीमाशंकरच्या देवळाचे शिखरही परंपरेने त्यांच्याच नावावर आहे. वसईच्या स्वारीतून आलेल्या मोठ्या घंटा मेणवलीतही आहेत आणि भीमाशंकरलाही. एकाच सत्तेची कृपा या दोन दूरच्या ठिकाणी कशी पोहोचली याची ती खूण आहे.

जमीन लेखणीमागून आल्यामुळे ती लेखणीबरोबर जातही असे. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर (ऑक्टोबर १७९५) नानांची घडी विस्कटली. १७९७ च्या अखेरीस त्यांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढील वर्षी सुटका झाली, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. रेसिडेंट पामर यांनी कळविले की, मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला. दुसऱ्या बाजीरावांनी मालमत्तेवर जप्ती आणली. विधवा जिऊबाईंना मेणवली परत मिळाली ती १८०४ मध्ये, इंग्रजांच्या मध्यस्थीने. ज्या सत्तेला वडगावात नमविले तिच्याच एका कागदाने वाडा घराण्याकडे राहिला.

इंग्लंडच्या जमीनदाराप्रमाणे नाना जमिनीच्या आधारावर उभे नव्हते. ते कागदाच्या आधारावर उभे होते. म्हणून त्यांच्या बाबतीत नेमिअर यांची चौकशी करावयाची तर ती कागदाच्या भाषेतूनच केली पाहिजे. कोणते इनाम कोणत्या शब्दांत मिळाले; 'वंशपरंपरेने' असे लिहिले की 'चालत जाईल तोवर'; कुळांचा उल्लेख नावाने आहे की केवळ संख्येने; पाटील-कुलकर्णी यांना उद्देशून कोणती रूपे वापरली, हे प्रश्न विचारले पाहिजेत. यांची उत्तरे अंतरंगाच्या प्रकरणात मिळणार नाहीत आणि तहांच्या प्रकरणातही नाहीत. ती मिळतील त्या हिशेबी कागदांत, जे चरित्रकार नीरस म्हणून मागे टाकतो. आत्मवृत्तात स्वतःच्या देहाला क्षणभंगुर म्हणणारा माणूस दप्तरात जमिनीला 'पुत्रपौत्रादि' करीत होता काय? केला असल्यास त्यात दंभ शोधण्याचे कारण नाही. दोन भाषांनी त्या माणसाकडून दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या, आणि त्याने दोन्ही दिल्या, एवढेच त्यातून दिसते.

६

या चर्चेचे आजच्या समीक्षेला काय प्रयोजन? पहिले प्रयोजन नानांच्या प्रतिमेचे आहे. पुण्याचे कोतवाल घाशीराम सावळदास यांचा शेवट १७९१ मध्ये लोकक्षोभात झाला. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये त्यांच्या नावावर ग्रंथ लिहिला आणि विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. नाटककाराला इतिहासातून पात्र घेऊन स्वतःचा प्रश्न मांडण्याचा अधिकार आहे. त्या नाटकाची योग्यता इतिहासाच्या कसोटीवर ठरत नाही. परंतु नाटकावरील वादात दोन्ही पक्षांनी आत्मवृत्ताकडे साक्षीदार म्हणून बोट दाखवावे, एकाने विकारांची कबुली म्हणून आणि दुसऱ्याने निर्मळ मनाचा पुरावा म्हणून, हे मात्र समीक्षेचे अपयश होय. साक्षीदार काय म्हणतो हे ठरविण्यापूर्वी तो कोणत्या भाषेत बोलतो हे ठरविले पाहिजे.

दुसरे प्रयोजन अधिक निकडीचे आहे. आपल्या विभागात येणारे पुष्कळ विद्यार्थी चाकण, खेड, तळेगाव, चिंचवड या पट्ट्यातील आहेत. ज्या शेतांत त्यांच्या आजोबांनी कांदा आणि ज्वारी पिकविली तेथे आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. जमिनीचे व्यवहार घरोघर झाले आहेत, आणि जमीन व राजकारण यांचे नाते त्यांना पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. या घरांपैकी अनेकांत मोडी कागदांची गाठोडी असतात. १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे संपली, नंतर पाटीलकीची वतनेही गेली, आणि कागदांचा व्यवहारातील उपयोग उरला नाही. जुना वाडा उतरविताना गाठोडे कोठे जाते याची चौकशी कोणी करीत नाही.

त्या कागदांची भाषा मात्र गेलेली नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खातेदार, जिराईत, बागाईत, आकार, वारस, इतर हक्क, फेरफार हे शब्द आजही आहेत. नानांच्या फडातील कारकुनाला त्यांतील बहुतेक परके वाटले नसते. फेरफाराच्या नोंदीतील वाक्यही अजून तसेच आहे. 'नाव दाखल केले', 'नाव कमी केले' असे ते म्हणते आणि कर्ता सांगत नाही. या वाक्यांनी कोणाची जमीन कोणाकडे गेली हे वाचावयाचे असेल तर दप्तरी मराठीचे व्याकरण शिकले पाहिजे. मोडी वाचता येणे ही त्याची केवळ पहिली पायरी आहे. अक्षर लागले तरी वाक्य लागेलच असे नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात जुने गद्य म्हणून आपण बखरी शिकवितो, कारण त्यांत कथा आहे आणि आवेश आहे. आत्मवृत्त शिकविले तर 'मराठीतील आरंभीचे आत्मचरित्र' या मथळ्याखाली शिकवितो. दप्तरातील एक साधी याद, एक ताकीदपत्र आणि एक इनामपत्र आत्मवृत्तातील चार पृष्ठांशेजारी ठेवून विद्यार्थ्यास वाचावयास द्यावीत, आणि प्रत्येक वाक्यात माणूस कोणत्या विभक्तीत उभा आहे एवढेच त्याने शोधावे. विकाराचे पात्र, अज्ञेय आज्ञेचा सेवक, सरकारात मिसळलेला 'आम्ही', आणि पानिपतहून पायी चाललेला 'मी' अशी चार रूपे त्याच्या हाती लागतील. या चारांपैकी खरे नाना कोणते हा प्रश्न मग त्यास पडणार नाही. चारही रूपे ज्या भाषेने एका माणसास दिली तिचा हिशेब मांडणे, हेच त्या माणसाच्या चरित्राचे पहिले प्रकरण असावयास हवे, हे त्याच्या ध्यानात येईल.